चालत्या घराचं पाणी आणि माझी सही

हातातला कप आधी खाली ठेवा. हसताना चहा नाकात गेला तर मी जबाबदार नाही. आणि तुम्ही हसणार, हे पक्कं आहे. आमच्या भोपाळच्या सोनागिरीत ही गोष्ट ज्याने ऐकली तो हसलाच आहे, काही जण तर पाहुण्यांना घेऊन दुसऱ्यांदा ऐकायला आले. माझ्या हातून झालेला घोळ आहे हो, आणि तोही कशात? पाण्यात!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, मी पाण्याचा माणूस! इथल्या कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढली मी. ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलो आणि खात्याचा प्रमुख होऊन निवृत्त झालो. हजारो क्वार्टर्स, आणि प्रत्येक नळातलं पाणी माझं! कुणाच्या बारशाचं, कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या तेराव्याचं, सगळं पाणी माझ्या देखरेखीखालून गेलेलं. कारखान्याचा भोंगा एखादे दिवशी दोन मिनिटं उशिरा वाजेल, पण पारखे साहेबांचं सकाळचं पाणी चुकायचं नाही. लोक घड्याळं लावायचे त्यावर. थोडी फुशारकी वाटेल, पण जे आहे ते आहे.

पण ज्या माणसाने अख्ख्या टाऊनशिपला पाणी पाजलं, त्याची बायको कुठलं पाणी प्यायची माहीत आहे? फक्त घरचं. आमच्या शालिनीजवळ एक फिरकीचा पितळी तांब्या आहे. तिचे वडील सरकारी ऑफिसाबरोबर नागपूरहून भोपाळला आले, तेव्हा तो तांब्या प्रवासात बरोबर होता, आणि तेव्हापासून तो प्रवासातच आहे. लग्नाला जायचं, तांब्या. दवाखान्यात जायचं, तांब्या. माझ्या निरोप समारंभात साहेब लोकांच्या रांगेत बसली होती, मांडीवर तांब्या! बाहेरच्या पाण्यावर तिचा विश्वास नाही म्हणजे नाही.

आणि बाहेर तरी ती गेली कुठं? हे मात्र माझ्याच डोक्यावर आहे. तीनदा एलटीसी घेतली, म्हणजे कंपनीच्या खर्चाने फिरायला जायची रजा. पहिल्यांदा बॅगा भरल्या आणि पंप जळला. दुसऱ्यांदा रिक्षा दारात उभी होती, आणि मेन लाइन फुटली. तिसऱ्यांदा उन्हाळ्यात तलावाची पातळी गेली खाली आणि सुट्टी रद्द झाली. तिन्ही वेळा शालिनीने बॅगा रिकाम्या केल्या, कपड्यांच्या घड्या परत कपाटात ठेवल्या आणि कुकर लावला. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एक अक्षर बोलली नाही, आणि ते मला अजून टोचतं.

म्हणून निवृत्तीनंतर मी ठरवलं, आता घरच चाकांवर घालायचं आणि शालिनीला पचमढीला न्यायचं! बारा सीटची एक जुनी टेम्पो गाडी घेतली आणि मंडीदीपला गाड्यांच्या बॉड्या बांधणारे एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे नेली. चार महिने मी मिसरोदच्या त्या ट्रॅफिकमधून रोज जाऊन येऊन त्यांच्या छातीवर बसलो. झोपायला दोन बर्थ, छोटा ओटा, गॅस, सिंक, एवढासा गीझर, आणि सीटखाली शंभर लिटरची पिण्याच्या पाण्याची टाकी. टाकीला पंप, पंपाला फिल्टर, फिल्टरपुढे नळ. लोक गाडी घेतली की इंजिन दाखवतात, मी टाकी दाखवायचो. मिस्त्री वैतागून म्हणाले, "साहब, लोग एसी पूछते हैं, म्यूजिक पूछते हैं. आप छह दिन से पाइप का जोड़ सूंघ रहे हो!"

गाडी दारात आली. मिस्त्रींनी टेस्टिंगसाठी टाकी काठोकाठ भरून दिली होती. शालिनीने आत चढून ओटा पाहिला, बर्थवर बसून पाहिलं, खिडकीचा पडदा हलवून पाहिला. तिला आवडली होती, मला कळतं ना! मग तिने सिंकच्या नळाकडे बोट केलं.

"अहो, हे पाणी कसं असेल?"

"कसं म्हणजे? मी आहे ना!"

"तुम्ही आहात हो. पण टाकी नवी आहे, प्लॅस्टिकचा वास मारते. पाइपात कोणाकोणाचे हात लागले असतील." आणि मग शांतपणे म्हणाली, "असं करू. या नळाचं पाणी मला घरच्यासारखं लागलं, तर मी पचमढीला येते. आणि तांब्या घरी ठेवून येते. नाही लागलं, तर तुम्ही या जाऊन, मी कुकर लावते."

बघा! साधं बोलणं, पण माझी चौतीस वर्षं एका घोटावर लावली हो या बाईने. मी म्हटलं, मंजूर. सोमवारी निघायचं. शनिवार-रविवारात टाकीचं निर्जंतुकीकरण करतो, रविवारी चार लोकांसमोर उद्घाटन, पहिला घोट तुझा.

आता आमच्या खात्याची पद्धत सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलंय. आमच्याकडे लॉगबुक असायचं. लाल कापडी पुठ्ठ्याचं, लांबडं. कुठलीही टाकी धुवायची असली की त्यात रकाने. ब्लीचचा डोस किती, टाकला किती वाजता, टाकी रिकामी केली किती वाजता, किती वेळा धुतली, पुन्हा भरली किती वाजता, आणि खाली सही. डोस साहेबाने स्वतःच्या हाताने मोजायचा, हा माझा नियम. बाकी लॉगबुक भरणं माझं काम, आणि माझी नोंद म्हणजे दगडावरची रेघ. चौतीस वर्षांत माझ्या लॉगबुकात एक नोंद खोटी निघाली नाही. ऑडिटवाले भिंग घेऊन यायचे आणि भजी खाऊन जायचे.

निवृत्तीच्या दिवशी मला शाल-श्रीफळ मिळालं, तसं एक कोरं लॉगबुकही मिळालं होतं, गमतीनं. मी ते कपाटातून काढलं, ब्राउन पेपरचं कव्हर घातलं आणि वर लिहिलं, 'चालते घर: पेयजल विभाग'. शालिनीने ते वाचलं आणि भाजी चिरायला निघून गेली.

शनिवारी सकाळी मी कामाला लागलो. सगळं शास्त्रोक्त, हं! आधी फिल्टर काढला, कारण ब्लीचच्या कडक पाण्याने फिल्टरची वाट लागते. तो वर्तमानपत्रात गुंडाळून घरातल्या फ्रिजवर ठेवला. गीझरचं पाणी बंद केलं. कागदावर हिशेब मांडून डोस मोजला, बादलीत कालवला आणि टाकीच्या तोंडातून आत ओतला. मग पंप सुरू करून एकेक नळ उघडायचा, आणि ब्लीचचा वास येईपर्यंत वाहू द्यायचा. वास आला की समजायचं, औषध त्या नळापर्यंत पोचलं. मग सगळं बंद करून रात्रभर मुरू द्यायचं.

मी नळ उघडला. नाक लावलं. वास नाही.

दुसरा उघडला. वास नाही. बाहेरचा, पाय धुवायचा नळ उघडला. त्यालाही नाही.

मी म्हटलं, डोस कमी पडला बुवा! टाकी छोटी बघून मीच हात आखडता घेतला असेन. आणखी अर्धा डोस घातला. नाक लावलं. काही नाही. आणखी एक घातला. आता मला, अगदी खोल श्वास घेतल्यावर, लांबून कुठून तरी आल्यासारखा वास आला. हां! मी समाधानाने नळ बंद केले आणि लॉगबुकात नोंद केली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून शालिनीचा आवाज आला, "अहो, काय करताय? इथं घरात डोळे चुरचुरताहेत माझे!"

"कांदा चिरते आहेस ना?"

"दुधी चिरतेय!"

तेव्हा तरी माझ्या टाळक्यात उजेड पडायला हवा होता की नाही? चौतीस वर्षं ज्या माणसाने क्लोरिनच्या खोलीशेजारी बसून डबा खाल्ला, त्याच्या नाकाला ब्लीचचा वास येईल कसा? माझं नाक त्या बाबतीत कधीच रिटायर झालं होतं, माझ्याही आधी. पण मला अभिमान कशाचा? नाकाचाच!

रविवारी सकाळी मी लवकर उठलो. मन असं प्रसन्न होतं म्हणून सांगू! चहा घेतला, अंगणात खुर्ची टाकली, गाडीसमोर बसलो आणि लॉगबुक मांडीवर घेतलं. एकेक रकाना, सुवाच्य अक्षरात. 'टाकी रिकामी केली: सकाळी सहा.' 'स्वच्छ पाण्याने धुतली: तीन वेळा.' 'फिल्टर पूर्ववत बसविला.' 'ताजे पाणी भरले: सकाळी आठ.' खाली सही, सहीखाली दोन रेघा. पेनाचं टोपण लावलं आणि अंगातून एक कष्टाचं समाधान पसरलं. मग आंघोळ करून निळा सफारी घातला. हा सफारी मी फक्त मोठ्या प्रसंगी काढतो.

संध्याकाळी चारला पाहुणे आले. शेजारचे तिवारीजी, आमच्याच कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त, मला अजूनही 'साहब' म्हणतात. समोरच्या कुलकर्णी बाई, टाऊनशिपच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, मूळच्या ग्वाल्हेरच्या, बोलायला कडक. बाबूलालजी मागाहून येतो म्हणाले होते. ते माझ्या खात्यातले जुने साथीदार, बत्तीस वर्षं व्हॉल्व्ह ऑपरेटर.

मी गाडीला झेंडूची माळ घातली होती. नारळ फोडला. दोन शब्द बोललो. दोन म्हणजे, वीस मिनिटं. जीवनात पाण्याचं महत्त्व, टाऊनशिपचं पाणी, माझं पाणी. मग स्टीलचे पेले मांडले, पंप सुरू केला आणि नळ उघडला. काय धार पडली महाराज! स्वच्छ, नितळ. शालिनीला मी म्हटलं, पहिला घोट तुझा. ती म्हणाली, आधी पाहुणे.

तिवारीजींनी पेला तोंडाला लावला. एक मोठा घोट घेतला. आणि थांबले.

त्यांचे डोळे भरून आले. अहो, खरंच, पाणी तरारलं डोळ्यांत! ओठ थरथरले. माझ्याकडे बघत ते नुसते मान हलवत राहिले.

"कैसा है, तिवारीजी?"

"साहब..." त्यांचा आवाज फुटेना. "साहब, ऐसा पानी... ऐसा पानी जिंदगी में नहीं पिया!"

मला भरून आलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, तिवारीजी, तुम्हाला पाण्याची कदर आहे. घ्या, आणखी घ्या! आणि त्यांचा पेला पुन्हा काठोकाठ भरला. त्या माणसाने तो घेतला हो! आयुष्यभर साहेबाला नाही म्हणायची सवयच नाही ना.

कुलकर्णी बाईंनी घोट घेतला आणि पदर नाकाला लावला. त्यांचेही डोळे लाल. त्या खोकल्या, सावरल्या, आणि घाईघाईने कुंड्यांकडे वळल्या. मी समजलो, बाईमाणूस, चारचौघांत रडायला संकोचते. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. सभ्यता असते माणसाला. परत आल्या तेव्हा त्यांचा पेला रिकामा होता. मोगऱ्याची ती कुंडी पुढे दगावली, हे वेगळं सांगायला नको.

"बाई, कसं वाटलं?"

"पारखे," बाई मोठ्या कष्टानं म्हणाल्या, "फारच... परिणामकारक आहे."

परिणामकारक! ऐकलंत? इतक्या वर्षांत त्या बाईंनी कुणाला उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा दिलं नव्हतं.

आता शालिनी. तिने पेला घेतला, पण ओठांपाशी नेऊन थांबली. मग माझ्याकडे बघितलं. मी गाडीशेजारी उभा, निळ्या सफारीत, गळ्यात उरलेली झेंडूची माळ. काय दिसलं असेल तिला, देव जाणे. तिने डोळे मिटले आणि घोट घेतला. गिळलासुद्धा. मग तिच्या गालावरून सरळ एक थेंब ओघळला.

"अहो..." ती म्हणाली.

"काही बोलू नकोस," मी म्हटलं. "सगळं कळलं मला."

"अहो, पण..."

"शालिनी, तीन एलटीसींचं आज फिटलं!"

आणि तिने तोंड मिटलं. कुकरच्या वेळी मिटायची, तसंच.

आता इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण अभिमान माणसाला थांबू देतो का? मी खिशातून तपासणीची डबी काढली. खात्यातली जुनी सवय. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे दोन थेंब टाकायचे. हलका पिवळा रंग आला म्हणजे पाणी पिण्यालायक. मी नळी उंच धरली, थेंब टाकले, आणि म्हणालो, "आता बघा, पिवळा!"

नळी केशरी झाली. गडद, गाडीवरच्या झेंडूसारखी.

तिवारीजींनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, औषध जरा जुनं आहे, म्हणून रंग चढा आला. तेवढ्यात फाटकातून बाबूलालजी आत आले, हातात गरम जलेबीचा पुडा. दोन पावलं आले आणि जागच्या जागी थांबले. नाक वर केलं. नळीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"साहब," ते हळूच म्हणाले, "टंकी में अभी दवाई पड़ी है क्या?"

"दवाई? अरे बाबूलालजी, वह तो कल की बात है! आज टंकी खाली हुई, तीन बार धुली, ताजा पानी भरा. ये देखो!" आणि मी लॉगबुक उघडून त्यांच्या हातात दिलं. नोंद आहे, सही आहे, सहीखाली दोन रेघा आहेत. अजून काय पाहिजे?

बाबूलालजींनी चष्मा लावला. बोट ठेवून ठेवून वाचलं. मग चष्मा काढला.

"साहब, लिखा तो सब बराबर है. पर टंकी खाली की किसने?"

"किसने म्हणजे?"

"मतलब, व्हॉल्व्ह किसने खोला?"

मी शालिनीकडे पाहिलं, तिवारीजींकडे पाहिलं.

बाबूलालजी जलेबीचा पुडा छातीशी धरून अगदी अदबीने म्हणाले, "साहब, बत्तीस साल आप लिखते थे, और मैं खोलता था."

आई शप्पथ सांगतो, त्या क्षणी धरणीने मला पोटात घेतलं असतं तर मी लॉगबुकासकट गेलो असतो! चौतीस वर्षं मी लिहिलं, 'टाकी रिकामी केली', आणि टाकी रिकामी झाली. मी लिहिलं, 'धुतली', आणि ती धुतली गेली. माझा आपला समज, की पेनानेच होतं सगळं! नोंद खोटी निघाली नाही ती माझ्यामुळे नाही, या माणसाच्या मनगटामुळे.

शालिनी घरात गेली आणि फ्रिजवरचा फिल्टर घेऊन आली, वर्तमानपत्रात तसाच गुंडाळलेला. 'पूर्ववत बसविला'!

त्यावर पहिल्यांदा हसल्या त्या कुलकर्णी बाई. मग तिवारीजी. ते तर हसतही होते आणि खोकतही होते, आणि मधेच हात जोडून म्हणत होते, "माफ करना साहब, दूसरा गिलास बहुत भारी पड़ा!"

मी म्हटलं, बाबूलालजी, उघडा तो व्हॉल्व्ह. बाबूलालजी पुढे झाले, तशी शालिनी म्हणाली, "नाही. ते उघडतील."

मी सफारीची बाही वर केली आणि गाडीखाली वाकलो. पण व्हॉल्व्ह कुठं आहे? चार महिने मंडीदीपला खेटे घातले, पाइपाचा जोडन्‌जोड हुंगला, आणि टाकी रिकामी करायचा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला आहे ते मला माहीत नाही! शेवटी बाबूलालजींनी दाखवला. मी पकडून फिरवला. घट्ट. आणखी जोर लावला.

"साहब, उल्टा घुमा रहे हैं."

मग सुलटा फिरवला, पण इतकी ताकद लावून बसलो होतो की तो एकदम पूर्ण उघडला, आणि ते अडीचपट डोसाचं शंभर लिटर पाणी सरळ माझ्या छातीवर! मी उठून उभा राहिलो तेव्हा वरपासून खालपर्यंत भिजलेलो होतो. कपडे वाळले तसे निळ्या सफारीवर पांढरे डाग उमटायला लागले. आधी एक, मग चार, मग सगळी छाती. निर्जंतुकीकरण झालं ते माझं!

त्यानंतरचं काम मात्र मी केलं. सगळं, माझ्या हाताने. टाकी भरली, नळ उघडे ठेवून पंप चालवला, रिकामी केली. पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली. तिसऱ्यांदा. बाबूलालजी अंगणातल्या खुर्चीत बसून जलेबी खात होते आणि लॉगबुक त्यांच्या मांडीवर होतं. मी केलं की ते लिहीत होते. बत्तीस वर्षांनी खुर्ची फिरली हो! फिल्टर बसवला, थोडं ताजं पाणी घेतलं आणि वास घ्यायला कुलकर्णी बाईंचं नाक बोलावलं. बाई म्हणाल्या, "आता पास." नळीतलं पाणी हलकं पिवळं झालं, लिंबाच्या सालीइतकं.

शालिनीने पेला घेतला. या वेळी डोळे उघडे ठेवून प्यायली. अर्धा पेला प्यायली, मग उरलेला अर्धाही.

"घरच्यासारखं आहे," ती म्हणाली.

बस्स, एवढंच. पण खरं सांगू? टाऊनशिपचं पाणी मी चौतीस वर्षं शुद्ध केलं, मानपत्रं मिळाली, पण असा अभिमान मला कधी वाटला नव्हता. डागाडागांच्या सफारीत मी असा उभा होतो, जणू कोणी मला मेडल लावलंय. बाबूलालजी निघताना म्हणाले, "साहब, टंकी अब खाली छोड़ी है, सूख जाने दो. सुबह निकलने से पहले ताजा भर लेना." मी म्हटलं, अरे, ते काय सांगायला पाहिजे?

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. शालिनीने तांब्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. कुलूप लावताना ती काहीतरी विसरलं म्हणून एकदा आत जाऊन आली, बायका जातातच. मी स्टेअरिंगवर. मिसरोद मागे पडलं, मंडीदीप मागे पडलं, माझं गाणं सुरू होतं. शालिनी खिडकीला नाक लावून बसली होती, लहान मुलीसारखी. तिला तसं बसलेलं पाहिलं आणि वाटलं, हे मी हिला फार उशिरा दिलं.

ओबेदुल्लागंजच्या पुढे एका मोठ्या झाडाखाली गाडी लावली. म्हटलं, आता आपल्या गाडीत, आपल्या गॅसवर, आपल्या पाण्याचा चहा! पातेलं ठेवलं, पंप सुरू केला, ऐटीत नळ उघडला.

फुस्स.

पुन्हा बंद करून उघडला. फुस्स, आणि एक थेंब. तोही कालचा.

मी शालिनीकडे पाहिलं नाही. सरळ लॉगबुक काढलं. सोमवारचं पान उघडलं. माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'प्रस्थानापूर्वी टाकी पूर्ण भरली: सकाळी साडेसहा.' सही. दोन रेघा.

मागे काहीतरी खणखणलं. शालिनीने सीटखालून पिशवी ओढली, पिशवीतून पितळी तांब्या काढला आणि फिरकी उघडायला लागली.

"तू तर हा फळीवर ठेवला होतास!" मी म्हटलं.

"ठेवला होता," ती फिरकी फिरवत म्हणाली. "मग तुम्हाला अंगणात खुर्ची टाकून सही करताना पाहिलं. तेव्हा आत गेले आणि परत घेतला."

"अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही टाकी भरत बसला असता, तेवढ्यात कुणाचा तरी पंप जळला असता. मला यायचं होतं हो." आणि तिने पातेल्यात दोन कप पाणी ओतलं.

मी चहा केला. चहा झकास झाला होता, तेवढं मला येतं. तिने कप खाली ठेवला आणि हात पुढे केला. "पेन द्या इकडे."

माझं लॉगबुक मांडीवर घेतलं, माझ्या नोंदीवर एक आडवी रेघ मारली आणि खाली तिच्या गोल अक्षरात लिहिलं, 'पाणी: एक तांब्या. घरचं. आणलं, ओतलं, प्यायलो.' सही, शालिनी पारखे. सहीखाली एकसुद्धा रेघ नाही.

ते लॉगबुक अजून आमच्या गाडीत आहे. आल्यागेल्याला मी मोठ्या अभिमानाने ते पान दाखवतो. कारण आम्हा नवरा-बायकोच्या प्रवासाची, आधी घडली आणि मग लिहिली अशी, त्या वहीतली ती पहिली नोंद. आणि ती माझी नव्हती.